अंतस्थ

पुण्याहून नाशिकास जाणारा रस्ता भोसरी व मोशी हीं गांवें मागें टाकून इंद्रायणी ओलांडतो आणि चाकणास पोंचतो. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाच्या फौजेशीं जवळजवळ दोन महिने जो भुईकोट लढविला, त्या संग्रामदुर्गाचे पडके अवशेष या रस्त्यापासून फारसे दूर नाहींत; परंतु तिकडे पाहण्यास सवड कोणास? तळेगांव चौकांत आणि आंबेठाण चौकांत मालमोटारींची, कामगारांच्या बसगाड्यांची आणि दुचाक्यांची जी रांग लागलेली असते, तींतून आपलें वाहन केव्हां सुटतें याचीच प्रत्येकास विवंचना असते. या गर्दीस वळण लावण्याचें काम पांढरा सदरा घातलेला एक शिपाई करीत असतो. उन्हांत, धुरांत आणि भोंग्यांच्या कल्लोळांत तासन् तास उभें राहणाऱ्या या मनुष्याविषयीं लोकांस कणव वाटत असेल, असें एखाद्या परक्या प्रवाशास वाटेल. पण लोक त्याच्याविषयीं जें बोलतात तें निराळेंच आहे. त्याचा विषय निघतांच ऐकणाऱ्यांपैकीं निम्मे लोक हंसतात, आणि उरलेले आपली एखादी हकीकत सांगूं लागतात. ती याच रस्त्यावरची असते असें नाहीं. महाराष्ट्रांतल्या कोणत्याही नाक्यावरची असते. तिचा शेवट मात्र ठरलेला. 'मागितले किती?' 'पांचशें.' 'आणि दिलेत किती?' 'दोनशें.' सांगणाऱ्याच्या स्वरांत संताप थोडा आणि तीनशें वांचविल्याचें समाधान अधिक.

हा लेख त्या शिपायाविरुद्ध फिर्याद म्हणून लिहिलेला नाहीं. मला कुतूहल आहे तें त्या हंसण्याचें. लांच ही निंद्य गोष्ट आहे हें ज्यांस मनापासून मान्य आहे, तेच लोक ती दिल्याची हकीकत चारचौघांत हंसत सांगतात, हें केव्हांपासून? पुणें प्रांताच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर शोधूं गेल्यास कांहीं कागद असे हातीं लागतात कीं, ते वाचतांना आपण आपल्याच घरांत आलों आहों असा भास व्हावा.

आधीं शब्दांकडे पाहूं. 'लांच' हा शब्द आपण बहुधा दुसऱ्यानें घेतलेल्या पैशास लावतों. आपण स्वतः दिलेल्या पैशास आपल्यापाशीं दुसरे शब्द आहेत: चिरीमिरी, चहापाणी, वजन, आणि रस्त्यावरचा खास शब्द म्हणजे तोडपाणी. पैसा नेमानें महिन्याच्या महिन्यास पोंचूं लागला कीं त्याचा 'हप्ता' होतो. जणूं कांहीं जुन्या कर्जाची फेडच. गंमत अशी कीं, कायद्याची भाषाही या शब्दांपासून फार दूर नाहीं. मोटार वाहन कायद्याच्या २०० व्या कलमान्वयें बरेचसे गुन्हे कोर्टाची पायरी न चढतां, ठरीव रक्कम भरून मिटवितां येतात, आणि त्या रकमेस सरकारी मराठींत 'तडजोड शुल्क' म्हणतात. तडजोड कायदेशीर, तोडपाणी बेकायदेशीर. दोन्ही एकाच रस्त्यावर, एकाच माणसाच्या हातीं, आणि दोहोंमध्यें अंतर कागदाच्या एका चिठोऱ्याचें. म्हणूनच 'पावती फाडूं का?' हा प्रश्न आपल्याकडे धमकी म्हणून विचारला जातो. सरकारी खजिन्यांत पैसा भरून घेण्याची तयारी दाखविणें ही धमकी, आणि तसें न करणें ही मेहेरबानी, अशी उलटापालट एखाद्या भाषेंत एका दिवसांत रुळत नाहीं.

शिवाजी महाराजांनीं १६७६ सालीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास जें पत्र लिहिलें, त्यांत रयतेच्या भाजीच्या देठाचाही लोभ धरूं नये अशी ताकीद आहे. त्या पत्राचा उल्लेख निघाला कीं आपण अभिमानानें मान डोलवितों. ताकीद द्यावी लागली, त्या अर्थीं देठाचा लोभ धरणारे त्या काळींही होते हें उघड आहे. पण तें असो. पुढल्या शतकाच्या अखेरीपर्यंत या देठाचें काय झालें, याची साक्ष माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननें लिहून ठेविली आहे. १८१८ मध्यें पेशवाई बुडाल्यावर तो दक्षिणेचा कमिशनर झाला, आणि ऑक्टोबर १८१९ मध्यें जिंकलेल्या मुलखाविषयीं त्यानें एक दीर्घ अहवाल सादर केला. तो परक्याचा आहे, विजेत्याचा आहे, हें विसरूं नये. तथापि जुन्या राज्यव्यवस्थेविषयीं त्यांत चांगलेंही पुष्कळ लिहिलें आहे, त्यामुळें त्यावर केवळ द्वेषाचा आरोप करून मोकळें होतां येत नाहीं.

या अहवालांत गांवच्या वसुलीचें जें वर्णन आहे त्यांतला एक लहानसा भाग मला फार बोलका वाटतो. ठरीव साऱ्याखेरीज खर्चासाठीं म्हणून गांवाकडून जादा पट्टी घेतली जाई. तिच्याच जोडीस आणखी एक रक्कम असे. तिला 'दरबारखर्च' किंवा 'अंतस्थ' असें नांव होतें. अंतस्थ म्हणजे आंतला, गुप्त. हा पैसा मामलेदार गोळा करी तो दरबारांतील कारभाऱ्यांस आणि हिशेब तपासणाऱ्या अधिकाऱ्यांस गुपचूप पोंचविण्यासाठीं. येथपर्यंत नवल कांहींच नाहीं. असा पैसा कोणत्या दरबारांत पोंचला नाहीं? नवल पुढें आहे. एल्फिन्स्टन सांगतो त्याचा मथितार्थ असा कीं, हळूहळू या गुप्त रकमा ठराविक झाल्या, त्यांस हक्काचें स्वरूप आलें, आणि इतर बाबींप्रमाणें त्यांचाही हिशेब रीतसर तपासला जाऊं लागला. म्हणजे लांच दप्तरांत चढली. पण लांचेची गरज कांहीं संपली नाहीं. तेव्हां तिच्यासाठीं रयतेवर पुन्हां निराळी वसुली बसली; आणि अशा नाजूक व्यवहारांत तपासनीस फारसें खोल पाहत नसल्यामुळें मामलेदार वरच्यांस जेवढें देई, त्याहून पुष्कळ अधिक स्वतःसाठीं गोळा करी.

जें सर्वांस नेमानें मिळतें त्यानें कोणी मिंधा होत नाहीं, हें यांतलें मर्म असावें असें मला वाटतें. लांचेचा दर ठरला कीं ती लांच राहत नाहीं, पगाराचा भाग होते. आणि काम करून घेण्यासाठीं तिच्या डोक्यावर नवी लांच चढवावी लागते. आतां ज्या लेखकानें गांवच्या ताळेबंदांत 'अंतस्थ' हा रकाना पहिल्यानें आंखला, तो कांहीं दुष्ट मनुष्य नसेल. उलट तो हिशेबी, प्रामाणिक असावा. गांवचा पैसा गेला आहे तर तो कोठें गेला हें लिहून ठेवणें त्यास आपलें कर्तव्य वाटलें असेल. परंतु ज्या दिवशीं रकाना आंखला गेला, त्या दिवशीं गांवाच्या रागाची जागा बेरजेनें घेतली. पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मामलतीच मक्त्यानें, जास्त बोली करणाऱ्यास, दिल्या जाऊं लागल्या. अधिकार उघड लिलांवांत मिळूं लागल्यावर गुपचूप देण्याचें कांहीं उरलें नाहीं, आणि मक्त्याची रक्कम कोठून भरून निघावयाची हें सांगण्याचीही गरज उरली नाहीं.

लोकांस राग येतच नव्हता असें मात्र नाहीं. १७७७ पासून १७९१ पर्यंत पुण्याची कोतवाली घाशीराम सावळदासाच्या हातीं होती, आणि त्याचा शेवट कसा झाला हें महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. आजच्या पोलिस खात्याचा त्या काळचा पूर्वज कोणी शोधावयाचा झाल्यास तो कोतवालच. त्याच्या जुलमाच्या आणि पैसे उकळण्याच्या कथा पुष्कळ आहेत. पण ३१ ऑगस्ट १७९१ रोजीं जमावानें त्यास दगडांनीं ठेचून मारलें, तें त्यानें घेतलेल्या पैशासाठीं नव्हे. त्याच्या बंदोबस्तांत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, आणि त्यांचीं प्रेतें पाहून शहर खवळलें. चौदा वर्षें जें सोसलें गेलें त्याचा हिशेब एका दिवसांत चुकता झाला खरा, परंतु त्या हिशेबांत पैशाची कलमें नव्हतीं. लोकमत क्रौर्यानें पेटतें. चिरीमिरीनें तें नुसतें धुमसतें.

यानंतर सुमारें शंभर वर्षांनीं पुण्यांतच जें प्रकरण उद्भवलें तें मात्र निव्वळ पैशाचें होतें, आणि त्याविषयीं सविस्तर लिहिलें पाहिजे. कारण लांच देणाऱ्यास काय म्हणावें, हा प्रश्न आपल्या समाजापुढें इतक्या उघडपणें पूर्वीं क्वचितच आला असेल.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. १८६५ पासून १८७१ पर्यंत तो त्या जागेवर होता, आणि मुंबईचें मोठें मार्केट त्याच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. कामाचा धडाका मोठा, हात सढळ, आणि कर्ज सदैव मानेवर बसलेलें. पुढें तो मध्य विभागाचा कमिशनर होऊन पुण्यास आला. खानदेश, नाशिक, नगर, पुणें, सोलापूर आणि सातारा एवढा मुलूख त्याच्या हाताखालीं होता. हवेली आणि खेड हे तालुके, म्हणजे आजचा पिंपरी-चिंचवडचा व चाकणचा टापू, त्यांतच आला. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्या त्याच्या मर्जीवर अवलंबून. ती मर्जी विकत मिळते, आणि हणमंतराव जहागीरदार नांवाच्या मध्यस्थामार्फत मिळते, अशी कुजबूज बरेच दिवस चालली होती. १८८८ मध्यें गव्हर्नर लॉर्ड रे याच्या सरकारनें चौकशी आरंभिली. ती पोलिसांचा इन्स्पेक्टर-जनरल ओमॅनी याच्याकडे सोंपविण्यांत आली. जहागीरदारास शिक्षा झाली. क्रॉफर्डनें पुण्याहून निसटून जाण्याचा प्रयत्न केला, तो फसला.

सरकारपुढें अडचण ही कीं, पैसे दिल्याची साक्ष देणार कोण? ज्यांनीं दिले तेच देऊं शकणार. आणि तसें सांगणें म्हणजे स्वतःचा गुन्हा कबूल करणें. तेव्हां सरकारनें अभय दिलें. जे मामलेदार पुढें येऊन खरें सांगतील त्यांच्यावर खटला होणार नाहीं, त्यांच्या नोकरीसही धक्का लागणार नाहीं. या वचनावर विसंबून मामलेदार पुढें आले. न्यायमूर्ति विल्सन यांच्या अध्यक्षतेखालीं तिघांचें कमिशन ऑक्टोबर १८८८ पासून पुढील जानेवारीपर्यंत पुण्यांत बसलें. निकाल असा लागला कीं, लांच घेतल्याचे आरोप शाबीत नाहींत. हाताखालच्या मुलखांतील लोकांकडून कर्जें काढल्याचा आरोप मात्र शाबीत आहे. क्रॉफर्ड नोकरींतून गेला. त्यानें पुढें विलायतेंत बसून आठवणींचीं पुस्तकें लिहिलीं. खरा पेंच मामलेदारांचा झाला. घेणारा लांचेच्या आरोपांतून सुटला, आणि देणारे स्वतःच्या कबुलीजबाबानें गुंतले.

मामलेदार हा नुसता वसुली अधिकारी नव्हे. त्यास मॅजिस्ट्रेटचे अधिकार होते. विलायतेच्या पार्लमेंटांत आणि इकडील इंग्रजी पत्रांत प्रश्न निघाला कीं, लांच दिल्याचें ज्यानें शपथेवर सांगितलें तो मनुष्य उद्यां न्यायासनावर कसा बसणार? प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनांत हिंदी अधिकाऱ्यांविषयीं आकस नव्हता असें कोण म्हणेल? तरी प्रश्न खोटा नव्हता. शिवाय अधिकाराची जागा विकत घेणाऱ्यास ती धारण करतां येत नाहीं, असा तिसऱ्या जॉर्जच्या काळचा एक कायदाही आड आला. दुसऱ्या बाजूनें पुण्यांत सभा झाली आणि टिळकांनीं मामलेदारांचा पक्ष उचलून धरला. त्यांचें वय त्या वेळीं तेहतीस वर्षांचें होतें. सरकारनें वचन दिलें आहे, तें सरकारनें पाळलें पाहिजे, हा पुणेंकरांच्या म्हणण्याचा गाभा. अखेर १८८९ मध्यें हिंदुस्थान सरकारनें त्या साक्षीदारांना संरक्षण देणारा खास कायदा केला. पण नोकरीच्या बाबतींत सरसकट अभय राहिलें नाहीं. ज्यांच्याकडून पैसे दडपणाखालीं उकळले गेले ते राहिले. ज्यांनीं बढतीच्या आशेनें आपखुशीनें दिले त्यांस काढण्यांत आलें.

दडपणाखालीं देणारा आणि आपखुशीनें देणारा, हा भेद ध्यानांत ठेवावा. तो पुढें पुन्हां भेटणार आहे. कागदावर तो स्वच्छ दिसतो. पण बदलीच्या धास्तीनें दिलेला पैसा कोणता आणि बढतीच्या आशेनें दिलेला कोणता, हें देणाऱ्याच्या मनास तरी नेहमीं नीट सांगतां येतें का? बदली टाळणें ही एका परीनें बढतीच. माझें मत विचाराल तर पुण्याच्या सभेची बाजू न्यायाची होती, कारण दिलेलें वचन मोडून सरकारें टिकत नाहींत. परंतु लोकांचा सगळा जोर वचनभंगावर राहिल्यामुळें दिलेल्या पैशाविषयीं बोलणें बाजूस पडलें. 'अन्याय झाला' असें म्हणतांना 'चूक झाली' हें म्हणावयाचें राहून गेलें, आणि मला वाटतें तें पुढेंही बरेच दिवस राहून गेलें.

आणि मामलेदारांनीं दिलेला पैसा आला कोठून? ज्या मुंबईच्या मार्केटास क्रॉफर्डचें नांव होतें त्यास आज महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. ही अदलाबदल ज्यानें केली त्याच्या मनांत हा विचार नसेलही, पण ती समर्पक आहे. क्रॉफर्ड प्रकरणापूर्वीं पांच वर्षें, १८८३ मध्यें, फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला होता, आणि कचेरीच्या पायरीपायरीवर अडाणी शेतकरी कसा नागविला जातो याचें चित्र त्यांत काढलें होतें. पुण्याच्या सभेंत देणारा म्हणजे मामलेदार. फुल्यांच्या पुस्तकांत देणारा म्हणजे कुणबी. दोघेही देणारेच. मात्र मामलेदारासाठीं कायदा झाला, कुणब्यास कोणी अभयपत्र दिलें नाहीं.

मधला काळ थोडक्यांत आटोपतां येतो. अँड्र्यू फ्रेझरच्या अध्यक्षतेखालील पोलिस कमिशननें १९०३ मध्यें हिंदुस्थानांतील पोलिसांविषयीं अत्यंत कडक मत नोंदविलें. लोक त्यांस लांचखाऊ आणि जुलमी समजतात असें स्पष्ट लिहून शिपायांचे पगार वाढविण्याची शिफारस केली. दुसऱ्या महायुद्धांत परवाने, नियंत्रणें आणि कंत्राटें यांचा सुळसुळाट झाला, त्यांतून १९४७ चा लांचलुचपत प्रतिबंधक कायदा निघाला. १९५७ सालीं मुंबई राज्यांत या कामासाठीं स्वतंत्र खातें स्थापन झालें. त्याची सापळ्याची पद्धति आतां सर्वांस परिचित आहे: तक्रारदाराच्या नोटांस पांढरी भुकटी लावतात, दोन पंच साक्षीस ठेवतात, आणि पैसे घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यांत बुडविले कीं पाणी गुलाबी होतें.

याच काळांत आपल्या टापूचें रूप पार पालटलें. १९५४ मध्यें पिंपरीस पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें. स्कूटरी, मालमोटारी आणि त्यांचे सुटे भाग करणारे कारखाने आकुर्डीपासून भोसरीपर्यंत पसरले. १९८२ मध्यें महानगरपालिका झाली. मोरया गोसावींचें चिंचवड आणि कांदाबाजाराचें चाकण हीं एका यंत्राचीं दोन चक्रें झालीं, आणि २००९ च्या सुमारास चाकणास परदेशी मोटारींचे कारखाने सुरू झाल्यावर दोहोंमधला रस्ता हाच त्या यंत्राचा पट्टा झाला. एका मोटारीचे शेंकडों भाग दहा ठिकाणीं बनतात आणि ठरल्या तासास कारखान्याच्या दारीं पोंचावे लागतात. ज्याचा माल अर्धा तास अडला तर पुढल्याचें काम अडतें, त्याच्यापाशीं पावतीवरून हुज्जत घालण्यास वेळ नसतो. क्रॉफर्डच्या मामलेदारास बदलीची भीति, मालमोटारवाल्यास घड्याळाची.

या भीतीची किंमत किती? ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या हिंदी शाखेनें २००७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत देशभरच्या मालमोटारींकडून वर्षास २२,२०० कोटि रुपये लांचेच्या रूपानें जातात असा अंदाज होता. सेव्हलाइफ फाउंडेशननें २०२० मध्यें तोच आंकडा सुमारें ४८,००० कोटींवर नेला. असे अंदाज तोलूनच घ्यावेत. पण ते निम्म्यानें खोटे मानले तरी उरतें तें लहान नाहीं.

येथें एक घरगुती गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. माझे वडील शिक्षक होते आणि रोजचा जमाखर्च लिहिण्याचा त्यांचा नेम अखेरपर्यंत मोडला नाहीं. आकुर्डीच्या कारखान्यांतील चेतक स्कूटर त्यांनीं बरीच वर्षें वाट पाहून घेतली होती. एकदां एका नाक्यावर त्यांस थांबविण्यांत आलें. मी मागें बसलों होतों. दिव्याबद्दल कांहीं तक्रार होती. वडिलांनीं दहा रुपयांची नोट दिली, आणि घरीं येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहींत. त्यांच्या मृत्यूनंतर वह्या चाळतांना त्या दिवसाची नोंद मला सांपडली: 'दंड, पावती नाहीं, १०.' त्या तीन शब्दांत त्यांची सारी अस्वस्थता होती. तीनचार वर्षांनंतरच्या वहींत तसल्याच प्रसंगाची नोंद नुसती 'पोलिस, २०' अशी आहे. त्याहूनही पुढें तेंही नाहीं. 'किरकोळ' या सदरांत रस्त्यावर दिलेले किती आणि पोस्टाच्या तिकिटांचे किती, हें आतां ओळखतां येत नाहीं. वडील लांचखाऊ नव्हते, भित्रेही नव्हते. त्यांनीं रकाना आंखला, एवढेंच. एल्फिन्स्टनचा तो उतारा मी पूर्वींही वाचला होता. त्या वह्या पाहिल्यानंतर तो मला नीट समजला.

अशा देणाऱ्यास कायदा आज काय म्हणतो? १९८८ च्या लांचलुचपत प्रतिबंधक कायद्याच्या २४ व्या कलमांत, लोकसेवकावरील खटल्यांत 'मी पैसे दिले' असें सांगणाऱ्यावर त्या जबाबावरून खटला होऊं नये अशी तरतूद होती. लॉर्ड रे यांनीं कांहीं मामलेदारांस दिलेलें अभय शंभर वर्षांनीं सर्वांस मिळालें, असें म्हणतां येईल. २०११ मध्यें केंद्र सरकारचे तत्कालीन आर्थिक सल्लागार कौशिक बसू यांनीं याच्याही पुढें जाऊन सुचविलें कीं, आपल्या हक्काच्या कामासाठीं नाइलाजानें लांच देणाऱ्याचें देणें गुन्हाच मानूं नये, म्हणजे तो घेणाऱ्याचें नांव उघड करील. त्यावर मोठें काहूर उठलें, आणि कायदा उलट दिशेस गेला. २६ जुलै २०१८ पासून जी दुरुस्ती अमलांत आली तिनें २४ वें कलम काढून टाकलें आणि देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली. एक अपवाद असा: ज्यास देणें भाग पाडलें गेलें, त्यानें सात दिवसांच्या आंत तक्रार केली तर तो गुन्हेगार नव्हे. १८८९ चा तोच भेद, आतां मुदतीसह. या दुरुस्तीनंतर वीस दिवसांनीं, १५ ऑगस्ट २०१८ रोजीं, पिंपरी-चिंचवडचें स्वतंत्र पोलिस आयुक्तालय सुरू झालें आणि चाकण त्याच्या हद्दींत आलें.

कायद्याचा हेतु वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. मोठ्या कंत्राटांसाठीं पैसे पेरणाऱ्यांस वेसण पाहिजेच होती. पण रस्त्यावर दोनशें रुपये देऊन कामाच्या पाळीस धांवणारा मनुष्य सात दिवसांत एक दिवस रजा काढील, कचेरी शोधील, जबाब देईल, आणि मग त्याच रस्त्यानें रोज कामावर जाईल, हें कितपत संभवतें? तो आठव्या दिवशीं कायद्याच्या दृष्टीनें आरोपी होतो. ज्यास आपण आरोपी आहों हें ठाऊक आहे तो तक्रार करीत नाहीं. हकीकत सांगतो, आणि हंसतो. त्या हंसण्यांत निगरगट्टपणापेक्षां संकोचच अधिक असतो असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे.

दरम्यान रस्त्यावर यंत्रें आलीं. कॅमेरा नंबर टिपतो, ई-चलान मोबाइलवर येतें, आणि कॅमेऱ्याशीं घासाघीस करतां येत नाहीं. यानें फरक पडला आहे हें नाकारूं नये. जेथें माणूस माणसासमोर उभा राहत नाहीं तेथें तोडपाणी संभवत नाहीं. पण लोकांचें मन चतुर असतें. अनेक जण चलान भरीतच नाहींत. लोकअदालतींत सवलत मिळेल म्हणून वाट पाहत बसतात. पूर्वीं घासाघीस शिपायाशीं होई, आतां ती तारखेशीं होते. आणि जेथें माणूस अजून माणसास थांबवितो, तेथें दंडाचे वाढलेले आंकडे दोघांच्याही कामास येतात. लायसन्सावांचून गाडी चालविण्याचा केंद्रीय कायद्यांतील दंड २०१९ च्या दुरुस्तीनें ५०० रुपयांवरून ५,००० वर गेला. महाराष्ट्रांत वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. पांचशें आणि शून्य यांच्यामध्यें जेवढी जागा होती, तिच्या दसपट जागा पांच हजार आणि शून्य यांच्यामध्यें आहे.

भोसरीच्या बाजूस मालवाहतुकीचा धंदा करणारे एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत. दोन ट्रकांवर सुरुवात करून त्यांनीं बाराचौदा केले, बोलणें रोखठोक. हा लेख लिहीत असतांना मीं त्यांस अंतस्थाची हकीकत सांगितली. गांवाकडून गुपचूप पैसा कसा घेत, पुढें त्याचा रकाना कसा पडला, आणि त्यावर नवी वसुली कशी आली, हें सगळें त्यांनीं चहा थंड होईपर्यंत ऐकून घेतलें. मला वाटलें होतें, त्यांस आश्चर्य वाटेल. त्यांनीं एकच प्रश्न विचारला.

"मग तो पैसा शेवटीं कोणाच्या माथीं पडायचा?"

"गांवाच्या," मी म्हणालों.

"बरोबर आहे. आम्हीपण भाड्यांतच धरतों."